न खेळलेला खेळ

सीडीच्या चकचकीत बाजूवर हळदकुंकवाची दोन बोटं उमटली होती, आणि कुंकू ओलं असताना त्यात अडकलेली झेंडूची एक पाकळी तिथंच वाळून चिकटून बसली होती. नीलांबिकानं ती सीडी सहज म्हणून हातात घेतली होती. व्यासपीठावर शाल पांघरून बसवलेल्या माणसानं तास-दीड तास करायचं तरी काय? तिच्यासमोर टेबलावर तिच्या नावाचं ताम्हण आधीपासून तयार करून ठेवलं होतं. त्यात नारळ, गुलाबाचं फूल, पितळी बोधचिन्ह आणि तिनंच स्पर्धेला पाठवलेली ही सीडी. मागच्या निळ्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं चिकटवली होती, ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट संगणक-खेळ, पुरस्कार सोहळा, २००३’, आणि त्यातली एक मात्रा निसटून टाचणीवर लोंबत होती. खाली सभागृह भरलेलं. माईकपाशी निवेदिका देणगीदारांची नावं वाचत होती, एकेक देणगीदार वर येत होता, फेटा बांधून घेत होता, फोटो काढून घेत होता आणि पुन्हा खाली जाऊन बसत होता. नीलांबिकाला आधी वाटलं, ही सीडी दुसऱ्याच कुणाची असेल. तिनं ती उलटी केली. कागदाच्या गोल चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं, ‘घागर’, आणि खाली तिचं नाव, नीलांबिका आजरी.

मग तिला हसू आलं. ते क्षणभरच टिकलं, कारण हसता हसताच तिच्या डोक्यात हिशेब जुळत गेला. प्रवेशिका द्यायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती गणपतरावांच्या दुकानात गेली होती. गणपतराव म्हणजे शहरातल्या संगणक विक्रेत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि या पुरस्काराची कल्पनाच मुळी त्यांची. लई टायमावर आलासा ताई, असं म्हणून त्यांनी सीडी घेतली होती. उद्या खंडेनवमी, उद्या दुकानात पूजा, उद्या आम्ही कायबी घेतलं नसतं. कोपऱ्यात त्यांच्या आई, ज्यांना सगळं दुकान आक्का म्हणत होतं, पितळेची समई चिंचेनं घासत बसल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर कीबोर्ड, प्रिंटर, पक्कड, पेचकस यांच्या शेजारी स्पर्धेच्या सीड्यांचीही चवड मांडली गेली असणार. वर्षभर पोटाला घालणाऱ्या हत्यारांची पूजा. आणि आक्कांनी बोट बुडवून एकेका सीडीला हळदकुंकू वाहिलं असणार. कुठल्या बाजूला वाहायचं हे त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. एका बाजूला कागद होता आणि दुसरी बाजू देवघरातल्या टाकासारखी लखलखत होती. देवाचं तोंड कुठलं, हे काय विचारायचं असतं? आक्कांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी मनोभावे केलं असणार. पण परीक्षक बसले ते दसऱ्यानंतर, तसं वर्तमानपत्रातही आलं होतं. मंडळाकडे प्रत्येकाची सीडी एकच. यंत्रात घालायची तर आधी हे कुंकू पुसावं लागलं असतं, पाकळी नखानं काढावी लागली असती. ती निघालेली नव्हती. म्हणजे तिचा खेळ कुणीही खेळलं नव्हतं. एकदाही नाही. उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, आणि तो वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला होता.

खाली पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. तिचे वडील, शिवपुत्र आजरी, हातकणंगल्यात भुसारीचं दुकान. मंडळाच्या लोकांनी विजेतीचे वडील म्हणून त्यांनाही फेटा बांधला होता आणि त्या भगव्या फेट्याखाली त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. मधूनच ते शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून काहीतरी सांगत होते आणि बोटानं व्यासपीठाकडे, तिच्याकडे दाखवत होते. पावणं, ती आमची थोरली, असंच सांगत असतील. ज्या मुलीनं लग्न केलं नाही, जी कोल्हापुरात खोली घेऊन एकटी राहते आणि क्लासात पोरांना संगणक शिकवते, तिच्याबद्दल चारचौघांत बोलताना गेली सात-आठ वर्षं त्यांचा आवाज खाली जायचा. आज तो वर आला होता. तिनं सीडी परत ताम्हणात ठेवली नाही. पदराखाली, मांडीवर धरून ठेवली.

‘घागर’ काही फार मोठा खेळ नव्हता. आडावरून एक मुलगी डोक्यावर भरलेली घागर घेऊन निघते आणि तिला घरी पोचायचं असतं, एवढंच. बाणाचं बटण दाबून धरलं की मुलगी पळते, आणि पळाली की पाणी हिंदकळून सांडतं. अलगद, थांबत थांबत दाबलं की ती चालते. वर कोपऱ्यात एक घड्याळ उलटं धावत असतं, आणि ते घड्याळ हीच सगळी मेख होती. ते खोटं होतं. ते शून्यावर आलं तरी काही होत नाही. भोंगा वाजत नाही, खेळ संपत नाही, मुलगी तशीच चालत राहते. पण घड्याळ दिसलं की माणूस पळतोच. पळाला की घागर रिकामी होते आणि पुन्हा आडापासून सुरुवात. हे नीलांबिकानं कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. जो खेळेल त्याला ते आपल्या हातानं कळावं, बोटांना कळावं, म्हणून. हातकणंगल्यात नळ आले नव्हते तेव्हा अव्वा, तिची आई, अशी चालायची. डोक्यावर एक आणि कमरेला एक घागर घेऊन ती आडावरून निघाली की वाटेवरची कुत्रीसुद्धा बाजूला होत. थेंब सांडायचा नाही. इतकं सावकाश चालणारं माणूस नीलांबिकानं पुन्हा बघितलं नाही. आणि दुकानाच्या पायरीवर अप्पा उभे असत, हात कमरेवर, आणि लांबूनच ओरडत, लौकर, अगं लौकर, दिवस मावळंल. सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं. स्वयंपाकाला लौकर, जेवायला वाढायला लौकर, माहेरी जाऊन यायला लौकर. अव्वाचं माहेर संकेश्वराकडलं, ती बोलायची कन्नडात, आणि अप्पा तिला मराठीत घाई करायचे. ती कधी उलट बोलली नाही आणि कधी पळालीही नाही. नीलांबिकाला लहानपणी तिचाच राग यायचा. एवढं ओरडतात तर जरा पाय उचलावेत की. पळालं तर काय बिघडतं? तिला आठवतं, एकदा ती स्वतः छोटी कळशी घेऊन अव्वाच्या पुढं पळत घरी आली होती, अप्पांना दाखवायला. अप्पांनी कळशीत डोकावून बघितलं, तळाला पाणी होतं, तरीही ते म्हणाले, हे बघ, पोरीला कळतंय. अव्वा मागून आली, काठोकाठ भरलेली, आणि काही न बोलता आत गेली. आजही ते आठवलं की नीलांबिकाला त्या शाबासकीची चीड येते.

शेवटच्या वर्षी अव्वा उपचारासाठी तिच्या खोलीवर येऊन राहिली होती. आजार बरा होणारा नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं, आणि त्यातल्या दोघींनी ते एकमेकींना बोलून दाखवलं नव्हतं. नीलांबिकाला तिचा आवाज हवा होता. क्लासातनं माईक घरी आणून तिनं तो अव्वासमोर धरला, काहीतरी बोल म्हणाली. अव्वा त्या काळ्या दांड्याकडे बघत राहिली. याच्याशी काय बोलू, हे कोण आहे, असं तिनं कन्नडात विचारलं आणि हसून तोंड फिरवलं. दोन-तीनदा असंच झालं. मग एके दिवशी नीलांबिकानं माईक कपाटाच्या मागं लावला, यंत्र चालू ठेवलं आणि कामावर गेल्यासारखी बाहेर पडली. बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. दार ढकललं. आतून अव्वा म्हणाली, रोज म्हणायची तसंच, “बंद्येनव्वा.” आलीस का गं बाई, एवढंच. त्यात प्रश्न नव्हता, तक्रार नव्हती, उशीर का झाला हे नव्हतं. आलीस ना, बास. खेळातली मुलगी भरली घागर घेऊन उंबऱ्यात पोचली की दार उघडतं आणि आतून हा आवाज येतो. दुसरं काही होत नाही. गुण मिळत नाहीत, फटाके उडत नाहीत. अव्वा गेल्यावर ते दार बांधायला नीलांबिकाला एक पावसाळा लागला. ती खोलीत बसून एकेक ठिपका रंगवत होती आणि प्रत्येक वेळी आवाज जोडून बघताना तिला दाराकडं पाठ करून बसावं लागत होतं.

आणि त्या दारापर्यंत आजवर कुणी पोचलं नव्हतं. क्लासातली पोरं खेळली, घड्याळ बघून सुसाट पळाली, चार वेळा पाणी सांडलं, मॅडम ह्यात शत्रूच न्हाईत म्हणून उठून गेली. पोरांचं तिला काही वाटलं नाही. पण अप्पा. गेल्या दिवाळीत ते खोलीवर आले होते तेव्हा तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, बोट धरून बाणाचं बटण दाखवलं. अप्पांनी बटण दाबलं ते दाबूनच धरलं, अंगठ्यानं ढेकूण मारावा तसं. पाणी सांडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सांडलं. ह्यात काय हाय, नुसतं पानी सांडतंय की, असं म्हणून ते उठले, कारण त्यांना सहाची गाडी गाठायची होती. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. ती त्यांना सांगू शकली असती. शेवटी अव्वा आहे म्हटलं असतं तर ते लगेच बसले असते, पण म्हणाले असते, मग शेवटच लाव की. मधलं कशाला? आणि तिला नेमकं ते मधलंच त्यांच्या हातून घडायला हवं होतं. एकदा तरी त्यांनी त्या वाटेवर अव्वाच्या चालीनं चालावं, एवढीच तिची मागणी होती. ती काही फार मोठी नव्हती. पण ती मागून मिळण्यातली नव्हती, आणि म्हणून ती गप्प राहिली. स्पर्धेची जाहिरात वाचली तेव्हा तिच्या मनात बक्षीस आलंच नाही, मनात आलं ते परीक्षक. परीक्षक म्हणजे शेवटपर्यंत खेळणारी माणसं. त्यांचं कामच ते. निदान तीन माणसं त्या दारापर्यंत जातील, अव्वा तीन परक्या माणसांना आलीस का म्हणेल, आणि मग तो आवाज फक्त तिच्या खोलीतला राहणार नाही. बक्षिसाचं पत्र आलं तेव्हा ती रडली होती ती यासाठी. शेजारच्या शालूबाईंनी पेढा भरवला आणि म्हणाल्या, बाई, आनंदाचं रडू चांगलं असतं. ती त्यांना काय सांगणार? तिला वाटलं होतं, ते पोचले.

कुठलं पोचलेत. तिच्या डाव्या हाताला परीक्षक मंडळाचे अध्यक्ष प्राचार्य इंगवले बसले होते. पांढरा शुभ्र सफारी, डोक्यावर फेटा, डोळे अर्धे मिटलेले. तीन वेळा सत्कार झाला होता त्यांचा, एकदा परीक्षक म्हणून, एकदा शिक्षणतज्ज्ञ म्हणून आणि एकदा कशाबद्दल ते निवेदिकेलाही सांगता आलं नव्हतं. नीलांबिका त्यांच्याकडे थोडी झुकली. तिला अजून एक आशा होती, चिमूटभर. कदाचित गणपतरावांनी आपल्या संगणकात आधीच उतरवून घेतला असेल, पूजेच्या आधी, रात्रीतून. कदाचित ती उगीच संतापत असेल. माणसाला संतापाची घाई असते, तिच्याही रक्तात अप्पाच होते. तिनं हळूच विचारलं, सर, खेळ कसा वाटला. ते म्हणाले, उत्तम, चित्रं फार सुरेख, मुलांना आवडेल. तिनं विचारलं, आणि शेवट? प्राचार्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघून मान डोलावली आणि गंभीरपणे म्हणाले, “शेवट तर फारच परिणामकारक. आम्ही तिघंही थक्क झालो.”

तिनं त्यांच्यापासून खुर्ची दूर सरकवली. कुणी खोटं बोललं म्हणून नव्हे, खोटं तर तिनं क्लासाच्या मालकांच्या तोंडून रोज ऐकलं होतं. पण ज्या दारामागं अव्वा होती त्या दाराविषयी हा माणूस सुपारी चघळावी तसं बोलला होता. थक्क झालो म्हणे. ती त्याला ओरबाडू शकली असती. त्याऐवजी तिनं पदराखालच्या सीडीवर अंगठा दाबला आणि वाळलेलं कुंकू तिच्या अंगठ्याला लागलं. खाली फेटेवाला नव्या देणगीदाराच्या डोक्याभोवती कापड गुंडाळत होता, भराभर, तोंडात टोक धरून. केवढी माणसं, केवढे हार, किती वेळ. प्रत्येकाच्या फेट्याला वेळ होता. तिच्या वीस मिनिटांच्या खेळाला मात्र यांच्यापैकी कुणाकडंच वेळ नव्हता, आणि खेळासाठीच तर हा सगळा मांडव होता. व्यासपीठाच्या एका बाजूला उंच टेबलावर नवाकोरा संगणक ठेवला होता, झेंडूची माळ घातलेला, पडद्यावर मंडळाचं नाव इकडून तिकडं सरकत होतं. म्हणजे तो चालू होता. विजेता खेळ लोकांना दाखवायचा असं निमंत्रणात छापलं होतं, पण मघाशी गणपतराव येऊन कानात सांगून गेले होते की ताई, टाईम लई झालाय, खेळाचं ऱ्हाऊ दे, जेवण गार हुतंय.

निवेदिकेनं मानपत्र वाचायला घेतलं. चौकटीत बसवलेला मोठा कागद होता, सोनेरी वेलबुट्टीचा. कोल्हापुरात सत्काराला मानपत्र नसेल तर तो सत्कारच नव्हे, आणि मानपत्रात विशेषणं कमी पडली तर लिहिणाऱ्याची अब्रू जाते. करवीरनगरीची सुकन्या, संगणकविश्वातील तेजस्वी तारका, असं पुढं सरकत सरकत ते ‘घागर’पाशी आलं. निवेदिकेचा आवाज चढला. आजच्या स्पर्धेच्या युगात आपल्या या खेळाने बालकांच्या अंगी वेग, चपळाई आणि वेळेवर मात करण्याची जिद्द बाणवली आहे. घड्याळाशी शर्यत लावून, विद्युत्वेगाने धावत आपले ध्येय गाठणारी आपली नायिका म्हणजे नव्या गतिमान महाराष्ट्राचे प्रतीकच होय. टाळ्यांचा कडकडाट झाला. नीलांबिकाला कळलं, ते त्यांनी कशावरून लिहिलं. सीडीसोबत दिलेल्या वेष्टनावरच्या चित्रावरून. मुलगी, घागर आणि वर घड्याळ. घड्याळ म्हणजे शर्यत, दुसरं असतं काय? तिला वाटलं, दुकानाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभं राहिलेलं हे अख्खं गाव आहे, आणि सगळे मिळून तिच्या आईला ओरडताहेत, आणि ओरडून झाल्यावर त्याचंच बक्षीस तिच्या आईच्या हातात देताहेत. पहिल्या रांगेत अप्पा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. मान हलवत होते, व्हय, व्हय, बरोबर. विद्युत्वेगाने धावत. अव्वा.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. प्राचार्यांनी बोधचिन्ह पुढं केलं, गणपतराव शाल सावरत फोटोसाठी कडेला येऊन उभे राहिले. नीलांबिका उठली, त्यांच्या पुढून गेली आणि सरळ माईकपाशी जाऊन उभी राहिली. मनोगताची वेळ बक्षीस घेतल्यावर असते, हे तिला ठाऊक होतं. बोधचिन्ह धरलेले प्राचार्यांचे हात तसेच हवेत राहिले. तिचा आवाज अगदी स्वच्छ निघाला, क्लासात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा. तिनं सीडी वर धरली, चकचकीत बाजू लोकांकडे करून. “ही माझी सीडी. खंडेनवमीला हिची पूजा झाली. कुंकू अजून इथंच आहे, पाकळीसुद्धा. पूजेनंतर ही कुठल्याही संगणकात गेलेली नाही. माझा खेळ कुणी खेळलेलं नाही. म्हणून मी हे बक्षीस घेणार नाही.”

आधी कुणाला काही समजलंच नाही. दोघा-तिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबवल्या. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं, सीडी खराब झाली व्हय? गणपतराव लगबगीनं पुढं आले. त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. त्यांनी माईकवर हात ठेवला पण तो नीट झाकला गेला नाही, त्यामुळं ते बोलले ते सगळ्यांना ऐकू आलं. “ताई, पूजा केली त्यात आमचं काय चुकलं? सगळ्यांच्याच केली. आनि आता मानपत्र वाचून झालंय. ते काय माघारी घेता येतंय?” तिला त्यांचीही कीव आली नाही. ती म्हणाली, मानपत्र चुकीचं आहे, मुलगी धावत नाही, धावली की हरते. प्राचार्य इंगवल्यांनी बोधचिन्ह हळूच ताम्हणात ठेवलं आणि रुमालानं बोटं पुसली. मूल्यमापन अनेक निकषांवर होतं, एवढंच ते म्हणाले, कुणाकडेही न बघता.

आणि तेव्हा अप्पा उठले. फेट्याचा शेमला त्यांच्या खांद्यावरून पुढं आला होता, तो त्यांनी मागं टाकला. त्यांना माईक नको होता. त्यांचा आवाज दुकानाच्या पायरीवरून आडापर्यंत जायचा.

“नीला, शोभा करू नगंस. लोकं खोळंबल्यात. घे त्ये बक्षीस आनि खाली ये लौकर.”

तो शब्द तिच्या अंगावर आला तसा ती आयुष्यभर झेलत आली होती. आज तो झेलायला तिनं हात पुढं केला नाही. तिला एकदम दिसलं की गेला तासभर ती ज्यांच्यावर जळत होती ते तिघे परीक्षक तिचे कुणीच नव्हते. त्यांनी खेळ बघितला नाही, त्यांना त्यात काय आहे ते माहीत नव्हतं, आणि उद्या ते तिचं नावही विसरणार होते. जो माणूस आतापर्यंत त्या दाराशी पोचायला हवा होता तो खाली, फेटा बांधून, गर्दीत सगळ्यांच्या बाजूनं उभा होता. सगळा संताप दिशा बदलून तिकडं वळला. ती त्या भरल्या सभागृहासमोर, घरात बोलावं तसं, त्यांच्याशी बोलायला लागली.

“अप्पा, तुमीबी खेळला न्हाईसा.”

“खेळलो की. दिवाळीत.”

“पानी सांडलं आनि उठलासा. त्या वाटंच्या शेवटाला अव्वा हाय. तिचा आवाज हाय त्यात, खराखुरा, मी धरून ठेवलेला. वरीस झालं, ती दाराआड बसून ऱ्हायलीय आनि तुमी गाडी गाठायला गेलासा.”

निवेदिकेनं मानपत्राची चौकट छातीशी धरली होती. नीलांबिकाला वाटलं होतं हे सगळं बोलून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट तिला आपलीच लाज वाटली, की अव्वाचं एवढं आतलं, राखून ठेवलेलं काहीतरी तिनं या माळा घातलेल्या माणसांसमोर फोडून टाकलं. आता ते ऐकून उद्या हे लोक म्हणतील, फार हृदयस्पर्शी कार्यक्रम झाला. पुढच्या मानपत्रात ते घालतील. तिनं अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली. बोधचिन्ह ताम्हणातच राहिलं. सीडी तेवढी घेऊन ती पायऱ्या उतरली, मधल्या वाटेनं चालत निघाली. दोन्ही बाजूंनी माना वळत होत्या. पळावं असं वाटत होतं, पण ती पळाली नाही. मागं निवेदिकेनं घसा खाकरून जाहीर केलं की कार्यक्रमाच्या पुढच्या सत्रानंतर सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा.

बाहेर पोर्चमध्ये आचारी मोठ्या पातेल्यांची झाकणं उघडून बघत होते. मसालेभाताचा वास सगळीकडं भरला होता. उन्हं उतरली होती, रस्त्यावर रिक्षा थांबत होत्या आणि निघून जात होत्या, आणि तिला कुठल्याही रिक्षाला हात करावा असं वाटेना. खांबाला टेकून ती उभी राहिली. तिला कळत होतं की उद्या क्लासात हे सगळ्यांना माहीत झालेलं असेल, मालक तिला बोलावून समजुतीच्या गोष्टी सांगतील, मंडळाचे लोक तिच्याशी बोलायचं टाळतील, आणि शहरात आता तिच्या खेळाचं कुणी नाव काढणार नाही. काढू दे नाहीतर न काढू दे. पण अप्पांची मान आज, इतक्या वर्षांनी वर झालेली, ती तिनंच खाली घातली होती. तेही खरं होतं. ते खरं असूनही तिला चुकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि त्याचाच तिला त्रास होत होता.

मागून चपला वाजल्या. अप्पा आले होते. जिना उतरून आल्यानं त्यांना धाप लागली होती, फेटा कलला होता. तिला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार, आणि ती त्यासाठी तयार होऊन उभी राहिली. ते शेजारच्या खांबाशी जाऊन उभे राहिले, तिच्याकडे न बघता रस्त्याकडं बघत. आचाऱ्यानं विचारलं, पावणं, पान घेताय न्हवं, तर त्यांनी नुसता हात हलवला. मग त्यांनी विचारलं, “काय म्हनती?”

“कोन?”

“तुजी अव्वा. काय म्हनती शेवटाला?”

तिच्या ओठांवर अव्वाचे ते सोपे शब्द आले होते. म्हणून टाकले असते तर झालं असतं, दोघंही रडले असते, आणि कदाचित एकाच रिक्षात बसून खोलीवर गेले असते.

“सांग की थोडक्यात,” अप्पा म्हणाले.

निवत चाललेला सगळा राग पुन्हा तिच्या तोंडाशी आला. थोडक्यात. अजूनही थोडक्यात. आडापासून उंबऱ्यापर्यंतची ती सगळी वाट, अव्वाचं सगळं आयुष्य, आणि याला ते इथं, रस्त्याच्या कडेला, उभ्या उभ्या हवं होतं. “त्ये थोडक्यात न्हाय, अप्पा,” ती म्हणाली. “सांगून तर न्हाईच. चालत जावं लागतंय.”

ते ऐकून अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलून काढला, पोटाशी धरला, आणि टक्कल पडलेल्या, घामेजलेल्या डोक्यानं ते तिथंच पायरीवर बसले.

“येळ किती लागंल?” त्यांनी विचारलं.

“त्ये तुमच्यावर हाय,” ती म्हणाली.